कडकनाथाची पिल्ले आणि नर-मादीची पारख

कडकनाथाची पिल्ले घेण्यास आलेला शेतकरी पहिला प्रश्न दराचा करतो, आणि दुसरा, काहीशा अजिजीने, असा करतो की यांतल्या माद्या तेवढ्या निवडून मिळतील काय? प्रश्न सर्वथा रास्त आहे; कारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरेसा होतो, अंड्यांची आणि वंशविस्ताराची सारी भिस्त माद्यांवर असते, आणि पन्नास पिल्लांचा दाणा महिनोन्‌महिने पुरवल्यावर त्यांतले निम्मे कोंबडे निघावेत ही गोष्ट लहान कास्तकाराच्या बेताला न परवडणारी असते. तथापि एक दिवसाच्या कडकनाथ पिल्लाकडे वरवर पाहून ‘ही मादी’ अशी हमी देणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दावर जादा रक्कम मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे या जातीच्या रक्तातच आहेत.

मध्य प्रदेशातील झाबुआ आणि अलीराजपूर या डोंगराळ मुलखात भिल्ल व भिलाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली, तिकडे ‘कालामासी’ म्हणून ओळखली जाणारी ही कोंबडी. तिची कातडी, मांस, जीभ, इतकेच नव्हे तर हाडांवरील आवरणही कृष्णवर्णी असते. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या सुमारास आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूस या पक्ष्याचे एवढे वेड पसरले की परतखरेदीच्या आमिषाला भुलून अनेक शेतकऱ्यांनी आपली पुंजी गमावली. परंतु पारखीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. इतर गावठी कोंबड्यांमध्ये पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे झाले की नराचा तुरा लाल होऊ लागतो, आणि त्या लालीवरून खेड्यातली कोणतीही गृहिणी तलंगा आणि तलंग यांचा निवाडा क्षणात करते. कडकनाथाचा तुरा मात्र काळसर जांभळा असल्यामुळे ही चटकन डोळ्यांत भरणारी खूण येथे मुळातच झाकलेली राहते.

मग जन्मतःच ओळखण्याचा उपाय नाही काय? पंख पसरून पाहण्याची एक युक्ती अलीकडे फार सांगितली जाते: पंखाची मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांहून लांब असतील तर मादी, दोन्ही सारखी असतील तर नर. ही युक्ती खोटी नव्हे, पण तिच्यामागची अट कोणी सांगत नाही. पक्ष्यांमध्ये लिंगनिश्चिती मातेकडून होते. नराजवळ एकाच प्रकारची दोन लिंगसूत्रे असतात, मादीजवळ दोन भिन्न, आणि मादी पिल्लाला पित्याचे जे सूत्र मिळते त्याच्यावरील गुणच तिच्यात प्रकट होतात. पिसे मंद गतीने वाढण्याचा गुण याच सूत्रावर असतो आणि तो प्रबळ असतो. म्हणून मंद पिसांची कोंबडी आणि जलद पिसांचा कोंबडा यांची जाणूनबुजून जोडी लावली, तर मुली बापासारख्या जलद आणि मुलगे आईसारखे मंद निपजतात. मोठी उबवणी केंद्रे अशा जोड्या हेतुपुरस्सर राखतात. शुद्ध कडकनाथाच्या कळपात आईबाप दोघेही एकाच प्रकारचे असले की पंख पसरून काहीही हाती लागत नाही. तेथे दिसणारा फरक बहुतेक वेळा वयातील काही तासांचा असतो.

खुद्द काळेपणाचाही असा उपयोग होऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सिल्की नावाची पूर्वेकडील एक कोंबडी अशीच कृष्णवर्णी कातडीची आहे, आणि तिचे व कडकनाथाचे काळेपण एकाच आनुवंशिक बदलातून आले आहे. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सिल्की कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी यांच्या संततीतील मुली गडद काळ्या कातडीच्या आणि मुलगे फिकट निघाले; जोडी उलट लावली असता मात्र मुलगे आणि मुली दोन्ही फिकटच. कातडीत काळा रंग उतरू न देणारा गुण लेगहॉर्नच्या लिंगसूत्रावर असल्याचा तो परिणाम होय. या मार्गाने नर-मादी ओळखता येतील खरे, पण त्यासाठी संकर करावा लागेल, आणि संकर केला की ज्या शुद्धतेसाठी हा खटाटोप, तीच लयास जाईल. दुर्मीळ जातीपुढचा खरा पेच हाच आहे: पारख सोपी करणाऱ्या बहुतेक युक्त्या दोन जातींच्या भेदावर उभ्या आहेत.

शुद्ध जातीला लागू पडणारा एक मार्ग जपानने जगाला दिला. मासुई, हाशिमोतो आदी संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की एक दिवसाच्या पिल्लाचे मलद्वार अलगद उलगडले असता नराच्या आतील कडेला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो. अडचण एवढीच की कित्येक माद्यांतही तसाच उंचवटा असतो, आणि तो किती टणक, किती तकतकीत, दाबल्यावर किती टिकतो यावरून निर्णय करावा लागतो. सरावलेला पारखी प्रखर दिव्याखाली प्रथम पिल्लाची विष्ठा काढून घेतो, अंगठ्याने कड उलटतो आणि दोन-चार क्षणांत पिल्लू एका खोक्यात टाकून दुसरे उचलतो. तासाला हजाराच्या आसपास पिल्ले तो तपासतो व क्वचितच चुकतो. हे काम नवशिक्याने घरी करू नये. पिल्लाच्या पोटात तेव्हा अंड्याचा बलक शिल्लक असतो, आणि अयोग्य दाबाने तो फुटून पिल्लू दगावते.

पिसाच्या मुळावरून प्रयोगशाळेत जनुकीय परीक्षा होऊ शकते. थोड्या मौल्यवान पक्ष्यांसाठी ती योग्य, कळपासाठी महाग.

सामान्य पालकाने, म्हणून, न निवडलेली पिल्ले घ्यावीत, पायात वाळी घालून उबवणीची तारीख वहीत नोंदवावी, आणि तुलना करायची ती एकाच तारखेच्या पिल्लांची करावी. सहाव्या आठवड्यापासून तुऱ्याचा रंग न पाहता त्याचे बूड पाहावे: नराचा तुरा बुडाशी जाड होऊन उभा राहतो, मादीचा पातळ आणि आखूड राहतो, नराच्या नळ्याही जाडसर लागतात. खात्री दहा-बारा आठवड्यांनी होते. शेपटीच्या पुढे, पाठीवरची पिसे बोटांनी विंचरावीत. टोके अणकुचीदार आणि चकचकीत असतील तर तो तलंगा, गोलसर असतील तर तलंग. तोपर्यंतचा दाणा वाया गेला असे मानण्याचे कारण नाही, कारण अंड्यांच्या व्यापारी जातींतील नर पिल्लांना जशी किंमत नसते तशी कडकनाथाची गत नाही. त्याच्या कोंबड्याला मांसासाठी चांगली मागणी असते. मात्र विक्रीपूर्वी सर्वांत उमद्या दोन नरांना राखून ठेवावे, आणि ते आपल्याच कळपातील बहिणींवर न सोडता दुसऱ्या पालकाच्या नरांशी अदलाबदल करावी.