गर्भविकासाचे पहिले २८ दिवस

मानवी गर्भारपणाचा काळ सर्वसाधारणपणे ४० आठवड्यांचा मानला जातो. ही गणना मात्र शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून केली जाते. प्रत्यक्ष फलन त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. म्हणजे सहा आठवड्यांच्या गर्भवतीच्या उदरातील भ्रूणाचे वय अवघे चार आठवडे असते. हा फरक केवळ हिशेबाचा नाही.

अंडवाहिनीत फलन होऊन रंदुक तयार होतो. त्याच्या पेशी दुपटीने वाढत पाचव्या दिवसाच्या सुमारास पोकळ पेशीगोल बनतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाचे बाह्य, मध्य व अंतःस्तर वेगळे होतात.

याच सुमारास बाह्यस्तराचा पाठीकडील भाग जाड होऊन त्याच्या कडा वर उचलल्या जातात. सुमारे २२ व्या दिवसापासून त्या एकमेकींना जुळू लागतात आणि त्यांतून चेतानलिका आकारास येते. मेंदू व मज्जारज्जू यांची घडण हिच्यापासूनच होते. नलिकेचे डोक्याकडील तोंड २५ व्या, तर खालचे तोंड २८ व्या दिवसाच्या आसपास मिटते. वरचे तोंड उघडे राहिल्यास मेंदूचा व कवटीचा मोठा भाग घडतच नाही; असे अर्भक जगू शकत नाही. खालचे उघडे राहिल्यास कणा दुभंगलेला राहतो आणि पायांतील बळ, मूत्राशयावरील ताबा असे प्रश्न बहुधा जन्मभर सोबत करतात.

हे दोष सर्वस्वी दैवाधीन नाहीत, हे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पूर्वीच्या गर्भारपणात असा दोष आढळलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला; गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्याने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. सर्वच दोष या जीवनसत्त्वाच्या अभावी होतात असे नव्हे, परंतु टाळता येण्याजोगे पुष्कळ आहेत. अमेरिकेने १९९८ पासून समृद्ध धान्यपिठांत ते मिसळणे बंधनकारक केले. सर्वसाधारण स्त्रीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम मात्रा, गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना आधीपासून, सुचविली जाते.

अडचण वेळेची आहे. पाळी चुकते तेव्हा भ्रूण दोन आठवड्यांचे झालेले असते. खात्री, तपासणी, नावनोंदणी यांत आणखी काही आठवडे जातात. गोळी हाती पडते तेव्हा नलिका मिटलेली असते, किंवा मिटायची राहून गेलेली असते.