खरेदी-व्यवसायातील ज्ञानविनिमय
कच्चा माल, यंत्रसामग्री, सुटे भाग व सेवा यांच्या खरेदीची जबाबदारी सांभाळणाऱ्या, निरनिराळ्या संस्थांतील अधिकाऱ्यांनी पुरवठादार, बाजारस्थिती, मालाची प्रत व करारातील अटी यांविषयीचे आपले अनुभव परस्परांना उपलब्ध करून देणे, यास खरेदी-व्यवसायातील ज्ञानविनिमय म्हणता येईल.

त्याची गरज व्यवहाराच्या स्वरूपातूनच निर्माण होते. विक्रेता एकच माल अनेकांना विकतो. कोणता ग्राहक कोणत्या अटींवर राजी होतो, हे त्याला ठाऊक असते. खरेदी अधिकारी मात्र या बाबतीत बहुधा एकाकी असतो. दहा-पंधरा वर्षांतून एकदा घ्यावयाच्या बाष्पित्राबाबत त्याचे ज्ञान विक्रेत्याच्या माहितीपत्रकापुरतेच राहते. झडपा किती महिन्यांनी गळू लागल्या, सुटे भाग वेळेवर मिळाले काय, हमीच्या काळात दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ किती दिवसांनी आला, या गोष्टी तेच यंत्र पूर्वी घेतलेल्या समव्यावसायिकाकडूनच कळतात. चुकीच्या निवडीची किंमत संस्थेला पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९१५ मध्ये स्थापन झाली. २००२ पासून ती ‘इन्स्टिट्यूट फॉर सप्लाय मॅनेजमेंट’ या नावाने ओळखली जाते. ब्रिटनमधील संघटना १९३२ मध्ये निघाली व तिला १९९२ मध्ये राजसनद मिळाली. भारतात ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरिअल्स मॅनेजमेंट’ ही संस्था आपल्या शाखांमार्फत अभ्यासक्रम व चर्चासत्रे चालविते. तिचे मुख्यालय नवी मुंबईत आहे.

अमेरिकन संघटनेचे सर्वांत फलदायी कार्य म्हणजे १९३१ पासून प्रसिद्ध होणारे मासिक सर्वेक्षण होय. दुसऱ्या महायुद्धातील खंड सोडता ते अव्याहत चालू आहे. त्यात कोणालाही आपला दर विचारला जात नाही. नव्या मागण्या, उत्पादन, रोजगार, पुरवठ्याचा वेग, साठा इत्यादींत मागील महिन्याच्या तुलनेने वाढ, घट की स्थैर्य, एवढेच विचारतात. ‘वाढ’ सांगणाऱ्यांच्या शेकडेवारीत ‘स्थैर्य’ सांगणाऱ्यांची निम्मी शेकडेवारी मिळविली की निर्देशांक येतो. उदा., ३० टक्के वाढ, ५० टक्के स्थैर्य व २० टक्के घट असल्यास तो ५५ होतो. ५० च्या वरील आकडा विस्ताराचा द्योतक होय. पुरवठा मंदावणे हे मात्र मागणी वाढल्याचे लक्षण समजून वाढीच्या बाजूस धरतात. २०२० मध्ये महासाथीमुळे माल रखडला, तेव्हा या गृहीतकाने निर्देशांक वास्तवापेक्षा बरा दिसला. असे असले, तरी खरेदीदारांची आपसातील ही माहिती आज अर्थशास्त्रज्ञ व मध्यवर्ती बँकाही लक्षपूर्वक पाहतात. भारतासह अनेक देशांत याच धर्तीचे निर्देशांक प्रसिद्ध होतात.

दर न विचारण्याच्या या पद्धतीमागील तत्त्व महत्त्वाचे आहे. एका विक्रेत्याने गोपनीय म्हणून दिलेला देकार दुसऱ्या संस्थेला कळविणे हा विश्वासभंग ठरतो. खरेदीदारांनी संगनमताने दर ठरविल्यास लहान पुरवठादार भरडला जातो. भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलम ३ विक्रीच्या किंमतींबरोबरच खरेदीच्या किंमती ठरविणाऱ्या करारांनाही लागू आहे. यंत्राचा अनुभव सांगणे व देकाराचा आकडा सांगणे यांतील सीमारेषा व्यवहारात वाटते तितकी ठळक नसते. चहापानाच्या गप्पांत ती सहज ओलांडली जाते.

शासकीय खरेदीत परिस्थिती वेगळी आहे. केंद्रीय पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाने एकदा दर-करार केला की तोच दर अनेक खात्यांना उपयोगी पडे. हे महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस’ या व्यवस्थेत दर व विक्रेत्यांचे गुणांकन संगणकावर दिसते. मात्र विनिर्देश कसे लिहिले असता निकृष्ट माल नियमात बसूनही नाकारता येतो, हे कसब नव्या अधिकाऱ्याला अजूनही बव्हंशी अनुभवी सहकाऱ्याकडूनच शिकावे लागते.