जोगेश्वरीच्या विहिरीतली ‘मुंबा’

अंधेरी-जोगेश्वरीच्या पट्ट्यात नवीन सापडून सापडणार काय? फार तर एखादा टॉवर नाहीतर मेट्रोचं स्टेशन. पण २०२१ साली याच जोगेश्वरीतून माशाची एक नवी जात जगापुढे आली. ती सापडली पश्चिमेच्या एका अंधशाळेच्या आवारात, सुमारे ४० फूट खोल विहिरीत. योगायोग असा, की हा मासाही आंधळा!

मुंबाआईवरून त्याचं नाव ठेवलं ‘रक्तमिक्थिस मुंबा’. जयसिंहन प्रवीणराज, तेजस ठाकरे, अनिल महापात्रा आणि अन्नम पवनकुमार या चौघांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. दिसायला तो लांबलचक गांडुळासारखा, पण आहे हाडामांसाचा मासा. त्याला ना खवले, ना शेपटीचा पर. डोळ्यांचा तर मागमूस नाही. जमिनीखालच्या झऱ्यांत कायमचा काळोख असतो, तिथे डोळ्यांचा उपयोगच काय?

मात्र वेगळा दिसला म्हणून कुठलाही मासा नवी जात ठरत नाही. मूळ नमुना जपून ठेवावा लागतो. पुढे वाद झालाच, तर नाव कोणाचं हे त्या एका नमुन्यावरून ठरतं. मग जबडा, कल्ल्याचं छिद्र, डोक्यावरची संवेदनछिद्रं बारकाईने तपासायची, एक्स-रे काढून मणके मोजायचे आणि माहीत असलेल्या प्रत्येक भावंडाशी ताडून पाहायचं. ‘मुंबा’च्या कल्ल्याचं छिद्र चंद्रकोरीसारखं, दोन्ही जबडे पुढून सारख्या लांबीचे. जोडीला डीएनएचीही साक्ष काढली जाते. एवढं सगळं छापून आलं, की मगच नाव पक्कं होतं.

हे काम किती रेंगाळतं, ते ॲक्वेरियमच्या काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या ‘सकर’ माशाच्या गोतावळ्यात दिसतं. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असलेले हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. बाजारात त्यांचे नवनवे प्रकार इतक्या झपाट्याने यायला लागले, की शास्त्रज्ञांना नावं द्यायला सवड होईना. शेवटी १९८८ मध्ये ‘दात्स’ या जर्मन मासिकाने नुसता फोटो छापून त्यांना ‘एल’ क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यातल्या कित्येकांचं बारसं अजून व्हायचं आहे.

आपल्याकडे बाजाराची जागा विहिरीने घेतली. केरळात विहिरींत आणि जमिनीखाली राहणारे आंधळे मांगूर-शिंगाळ्यासारखे मासे आहेत. त्यातल्या एका जातीला २०२३ मध्ये ‘होराग्लॅनिस पॉप्युली’ हे नाव मिळालं, ते विहिरीत दिसलेला मासा आवर्जून कळवणाऱ्या सामान्य लोकांच्या सन्मानार्थ. तज्ज्ञ प्रत्येक विहिरीत उतरू शकत नाही, पण घरातला माणूस रोज पोहरा सोडत असतो.

उपनगरांत मात्र पोहरा कधीच गेला. पुनर्विकासात जुन्या विहिरी बुजतात, उरलेल्यांत कचरा पडतो. भूगर्भातल्या अशा माशांचं जग आपल्याला दिसतं ते या विहिरींच्याच तोंडून. ते बंद झालं, तर आत काय होतं हे कळायचंही नाही.

तेव्हा बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मंडळींना एवढंच सांगणं : सोसायटीची विहीर उपसताना गाळात काही वळवळताना दिसलं, तर साप समजून ठेचू नका. फोटो काढा आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेला कळवा. आणि मुख्य म्हणजे, विहीर बुजवू नका.