लठ्ठपणा : आजार की जीवनशैलीची निवड?

प्रस्तावना : काकती हे बेळगावजवळचे महामार्गालगतचे गाव. शेजारीच होनग्याची औद्योगिक वसाहत आहे. शेतातील कष्टांची जागा जेथे बैठ्या कामाने घेतली, तेथे लठ्ठपणाचा प्रश्न उभा राहतो. 'तोंडावर ताबा नाही' असे म्हणून समाज सारा दोष व्यक्तीच्या माथी मारतो. हे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजमाप : वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स मिळतो. जागतिक निकषानुसार तो ३० वा अधिक असल्यास लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ही मर्यादा २५ सुचविली. त्यामागील कारण पुण्यातील संशोधनातून समजते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही इंडेक्स २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के भरली. ही तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली.

कारणमीमांसा : याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने अधिक आढळली. म्हणजे शरीराची ठेवण जन्मापूर्वीच, मातेच्या पोषणावर ठरू लागते. ही निवड बालकाची नव्हे. शिवाय वजन घटू लागताच शरीर भूक वाढविते व ऊर्जा कमी खर्च करते. अशा कारणांमुळे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणाला आजार मानले.

तथापि प्रत्येक लठ्ठ व्यक्ती आजारी नसते. म्हणूनच २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने अवयवांचे कार्य बिघडलेला लठ्ठपणा आणि तसा बिघाड नसलेला लठ्ठपणा असे दोन प्रकार केले. पहिला आजार, दुसरा धोका.

निष्कर्ष : आहार व व्यायाम यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, मात्र केवळ इच्छाशक्तीला दोष देणे शास्त्राला धरून नाही. शिक्षकांनी वर्गात लठ्ठ विद्यार्थ्याची थट्टा होऊ देऊ नये. तसेच सडपातळ दिसणारा विद्यार्थी सुरक्षित आहे, असेही गृहीत धरू नये. प्रौढ भारतीयांत कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास तपासणी करावी. महाविद्यालयात मैदान, चालण्यास सुरक्षित वाट आणि उपाहारगृहात तळलेल्या पदार्थांना पर्याय असेल, तरच 'निवड' या शब्दाला अर्थ राहील.