चपडीला स्पिरिट कोणतं?

लाखेचं पॉलिश चमकणार की पांढरं पडणार, हे नुसत्या चपडीवर ठरत नाही. ती ज्या अल्कोहोलात विरघळवली त्यावरही ठरतं. पॉलिश करणाऱ्याची तब्येतसुद्धा त्यावरच अवलंबून असते.

बुलढाणा जिल्ह्यात लाकडी सामानाला पॉलिश करण्याचे दोन मोसम. एक लग्नसराईचा, तेव्हा दिवाण आणि कपाटं तयार होतात. दुसरा महालक्ष्म्या-गणपतीच्या आधीचा, तेव्हा देवघर, चौरंग, पाट उजळायला काढतात. कारागीर तोच, चपडी तीच, डबाही त्याच दुकानातला. तरी वैशाखात घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे फडकं लाकडावर अडकतं, रेघा उठतात. श्रावणात घाटावर, चिखली-मेहकरकडे काम नीट झाल्यासारखं वाटतं आणि थोड्या वेळात सगळ्या फळीवर दुधाळ सायीसारखा थर दिसू लागतो. दोष बहुतेक वेळा चपडीला दिला जातो. खरं कारण मात्र स्पिरिट आणि हवा यांच्यात दडलेलं असतं.

किड्याची लाख

चपडी म्हणजे शुद्ध करून पातळ पापुद्र्यांत काढलेली लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. फांद्यांवरून ते खरवडायचं, धुवायचं, वितळवून गाळायचं, की झाली चपडी. पळस आपल्या अजिंठ्याच्या रांगेत आणि सातपुड्याच्या पायथ्याला भरपूर आहे. लाखेचा व्यवहार मात्र पूर्व विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीकडे. देशात या विषयाचं संशोधन रांचीजवळ नामकुम इथल्या संस्थेत १९२४ पासून चालू आहे. बालगंधर्वांची नाट्यगीतं ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर घरोघरी पोचली, त्या तबकड्याही लाखेच्याच. औषधाच्या काही गोळ्यांवरचं चकचकीत आवरण आजही लाखेचं असतं.

लाखेचा रेणू मोठा आणि गुंतागुंतीचा. अल्युरिटिक आम्ल आणि त्याच्या जोडीची आम्लं एकमेकांना साखळीने जोडली गेलेली असतात आणि या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल व कार्बोक्सिल गट असतात. अल्कोहोलच्या रेणूतही हायड्रॉक्सिल गट असतो. दोघांचे हायड्रोजन बंध जुळतात, साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि चपडी विरघळते. टर्पेंटाइन किंवा रॉकेलकडे असे गट नाहीत, म्हणून ते लाखेला सोडवू शकत नाहीत. पाण्याचं उलटं. त्याचे रेणू एकमेकांनाच इतके घट्ट धरून असतात की तेलकट साखळ्यांना त्यांच्यात जागा मिळत नाही. पाण्यात बोरॅक्स किंवा अमोनिया घातला तरच लाख त्यात उतरते.

म्हणजे विरघळवण्यापुरतं बहुतेक कोणतंही साधं अल्कोहोल चालेल. निवडीचा खरा प्रश्न पुढे येतो. विरघळवून झाल्यावर या अल्कोहोलाने उडून जायचं आहे. ते किती वेगाने उडतं, सोबत किती पाणी आणतं आणि उडताना कोणाच्या फुप्फुसात जातं, या तीन प्रश्नांची उत्तरं बघून निवड करायची.

थंडी आणि दव

अल्कोहोल उडताना लाकडाच्या पृष्ठभागातून उष्णता घेतं. हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं, त्याचं कारण हेच. आता श्रावणातली एक दुपार घ्या. तापमान २७ अंश सेल्सिअस, हवेतली आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे फळीचा पृष्ठभाग जेमतेम तीन अंशांनी गार झाला, की हवेतली वाफ त्यावर दव बनून बसते. हे पाणी अर्धओल्या लाखेत शिरतं. लाख पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचे बारीक कण सुटे होऊन बाहेर पडतात आणि प्रकाश विखुरतात. पॉलिश पांढरं पडतं ते असं.

मे महिन्यात मलकापूरला ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू साडेचौदा अंशांच्या आसपास येतो. फळी तेवढी गार होणं शक्यच नाही. तेव्हा पॉलिश पांढरं पडत नाही. उलट अल्कोहोल इतक्या झपाट्याने उडतं की हात पुढे जाईपर्यंत मागचा थर चिकट झालेला असतो. लाखेचा वाळलेला थर नव्या स्पिरिटने पुन्हा विरघळतो, म्हणून तर नवा हात जुन्या हातात मिसळून एकजीव होतो. पण अर्धवट वाळलेल्या थरावर तेच फडकं पुन्हा फिरवलं, की तो ओढला जातो. कापसाच्या बोळ्यावर सुती फडकं गुंडाळून त्यावर जवसाच्या तेलाचा थेंब देण्याची जुनी पद्धत आहे, ती याच ओढीवर उपाय म्हणून.

पाण्याची दुसरी वाट स्पिरिटमधूनच असते. इथेनॉल आणि पाणी यांचं मिश्रण कितीही वेळा ऊर्ध्वपातित केलं, तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे इथेनॉल साध्या ऊर्ध्वपातनाने शुद्ध होत नाही. उरलेलं पाणी त्याच्याबरोबरच वाफ होऊन येतं. त्यात अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेतं. झाकण सैल राहिलेला डबा पावसाळाभर पडून राहिला, तर त्यातलं पाणी वाढतच जातं. हे तपासायला शाळेच्या प्रयोगशाळेत एक सोपी युक्ती आहे. निळा मोरचूद हलक्या आचेवर पांढरा होईपर्यंत तापवायचा आणि गार झाल्यावर चिमूटभर इथेनॉलमध्ये टाकायचा. पाणी असेल तर तो पुन्हा निळा होतो. पाणी किती आहे हे मात्र ही परीक्षा सांगत नाही.

तीन भाऊ, एकसारखे दिसणारे

बाजारात मुख्यतः तीन अल्कोहोलं गाठ पडतात. मेथॅनॉल ६५ अंशांच्या जरा आत उकळतं, इथेनॉल ७८ अंशांच्या पुढे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल साडेब्याऐंशी अंशांना. तिघेही पाण्यासारखे स्वच्छ. घनतेतही फारसा फरक नाही: २० अंशांना इथेनॉलची घनता ०.७८९, मेथॅनॉलची ०.७९२. त्यामुळे डोळ्यांनी, नाकाने किंवा साध्या घनतामापकाने मेथॅनॉल आणि इथेनॉल वेगळं ओळखता येत नाही. लेबल नसलेल्या डब्यात काय आहे, हे दुकानदारालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मेथॅनॉल लाख उत्तम विरघळवतं, झटपट उडतं आणि स्वस्त असतं. त्याचा धोका शरीरात शिरल्यावर कळतो. यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर घाव घालतं आणि रक्ताची आम्लता वाढवतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाड-मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं दगावली, ती याच मेथॅनॉलमुळे. पॉलिश करणारा ते पीत नाही, हे खरं. पण मेथॅनॉल श्वासातून जातं आणि कातडीतूनही. दिवसभर ओलं फडकं उघड्या हातात धरणाऱ्याला दोन्ही वाटा खुल्या असतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत हवेतल्या इथेनॉलची मर्यादा दशलक्षात १००० भाग आहे, मेथॅनॉलची फक्त २००. शिवाय वास जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण त्या मर्यादेच्या जवळ गेलेलं असू शकतं, म्हणून नाकावर भरवसा ठेवू नये.

इथेनॉल हे लाखेचं पारंपरिक अल्कोहोल. आपल्याकडे ते मुख्यतः उसाच्या मळीतून निघतं. पण शुद्ध इथेनॉल म्हणजे दारूच, त्यामुळे सुताराच्या हाती येतं ते विकृत केलेलं, म्हणजे पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात काही मिसळलेलं स्पिरिट. पिरिडिन आणि क्रोटोनाल्डिहाइड अशी उग्र वासाची द्रव्यं त्यासाठी वापरली जातात. काही ठिकाणी मेथॅनॉलच मिसळतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

या पॉलिशचं आणि दारूबंदीचं नातं महाराष्ट्रात जुनं आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात विकृत स्पिरिटपासून केलेल्या पदार्थांची जी व्याख्या आहे, तिच्यात फ्रेंच पॉलिश आणि व्हार्निश यांची नावं घेतलेली आहेत. विकृत स्पिरिट पिण्यालायक करण्याचा प्रयत्न हाही या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांनाही आहे. म्हणजे सुताराच्या डब्यावर उत्पादन शुल्क विभागाची नजर यापुढेही राहणार.

तिसरं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे मळीतून नव्हे, पेट्रोरसायनांतून येतं. रायगड जिल्ह्यात तळोज्याला त्याचं मोठं उत्पादन होतं. प्रयोगशाळांना आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीला ते ९९ टक्के शुद्धतेचं मिळतं. त्यात चपडी विरघळायला वेळ जास्त लागतो, थरही सावकाश वाळतो. पण विषारीपणात ते मेथॅनॉलच्या जवळपासही नाही. उन्हाळ्यात त्याचा संथपणा गुणाचाच ठरतो, कारण फडकं फिरवायला उसंत मिळते.

काय घेऊ नये

करोनाच्या काळात उरलेलं सॅनिटायझर पॉलिशला वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या सॅनिटायझरमध्ये इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल ७५ टक्के असतं; बाकी बहुतांश पाणी आणि वर थोडं ग्लिसरॉल. पाण्याने पॉलिश पांढरं पडेल आणि ग्लिसरॉल वाळणारच नाही. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं अल्कोहोलही याच कारणाने बाद. लॅकरसाठीचा थिनर म्हणजे टोल्युइन, अॅसिटेट वगैरेंचं मिश्रण. ते दुसऱ्याच कामासाठी असतं.

भिजवण्याची रीत

एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडी घेतली तर पातळ पॉलिश होतं. २०० ते २५० ग्रॅम घेतली तर नेहमीच्या कामाचं. चपडी आधी बारीक कुटून घ्यावी आणि काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बरणीत भिजत घालावी. लोखंडी डब्यात लाखेचा रंग काळवंडतो. अधूनमधून हलवत रात्रभर ठेवावी आणि सुती फडक्यातून गाळून घ्यावी. चपडीत पाच-सहा टक्के मेण असतं, ते तळाशी गाळ होऊन बसतं. पारदर्शक काम हवं असेल तर वरचंच निथळून घ्यावं. घाई म्हणून चुलीवर तापवू नये. ही तिन्ही अल्कोहोलं वीस अंशांच्या आतच पेट घेण्याजोगी वाफ सोडतात, आणि त्यांची फिकट निळी ज्योत भर उन्हात दिसतही नाही.

बरणीवर तारीख लिहावी. भिजवलेली लाख अल्कोहोलशी हळूहळू संयोग पावत जाते आणि काही महिन्यांनी पॉलिश कितीही वेळ ठेवलं तरी चिकटच राहतं. काचेच्या तुकड्यावर एक थेंब सुकवून पाहिला की ते लगेच कळतं. कोरडी चपडीसुद्धा उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली तर तिचा गोळा होतो. तिला घरातली गार जागा द्यावी.

उन्हाळ्यात ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल घ्या आणि काम सकाळी आटपा. पावसाळ्यात मेथॅनॉल नसलेलं, लेबल असलेलं विकृत इथेनॉल ताज्या बंद डब्यातून घ्या, हात पातळ द्या आणि झड लागली असेल तर काम पुढे ढकला. पांढरं पडलंच, तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटने ओलसर केलेलं फडकं हलकेच फिरवा. अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा चमक परत येते. कोणत्याही ऋतूत दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि हातात रबरी मोजे घाला. दुकानात नुसतं ‘स्पिरिट’ मागू नका. त्यात काय आहे ते विचारा, आणि लेबल नसलेला डबा परत करा. लिटरमागे वाचणाऱ्या थोड्या पैशांसाठी डोळ्यांची जोखीम घेण्यात शहाणपण नाही.