पालि अध्ययनासाठी लंकेत जाणारा विद्यार्थी आणि त्याचे सेनासन

विनयपिटकातील पाचव्या पाचित्तिय नियमाची निदानकथा विद्यार्थ्यांच्या निवासाचा विचार करताना आठवल्यावाचून राहत नाही. उपसंपदा न झालेल्या व्यक्तीबरोबर भिक्खूने एका छपराखाली शयन करू नये, असा नियम आळवी येथे घालून देण्यात आला होता. पुढे भगवान बुद्ध कोसंबीच्या बदरिकारामात असताना भिक्खूंनी सामणेर राहुलास हा नियम सांगितला आणि निजण्याची जागा त्याची त्याने पाहावी असे कळविले. राहुलास जागा मिळाली नाही. त्याने ती रात्र वच्चकुटीत, म्हणजे शौचालयात, काढली. पहाटे भगवान तेथे गेले आणि बाहेरून खाकरले. आतून राहुलही खाकरला. हकीकत कळताच भगवंतांनी नियमात दुरुस्ती केली व दोन-तीन रात्रींपर्यंत एकत्र शयनास अनुज्ञा दिली.

या कथेत कोणी राहुलाचा द्वेष केलेला नाही. नियम सर्वांनी पाळला आणि त्या पाळण्यात एक शिकणारा मुलगा उघड्यावर पडला. भगवंतांनी त्याला सहनशीलतेचा उपदेश केला नाही, नियमच सुधारला, हे आपण विशेष लक्षात घेतले पाहिजे. जागा नाकारली जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांना १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली होती. तेथे नवल भथेनांशी जडलेला स्नेह पुढे आयुष्यभर टिकला.

पालि भाषेत निवासाला 'सेनासन' म्हणतात; 'सयन' आणि 'आसन' मिळून हा शब्द झाला. चार प्रत्ययांपैकी तो एक आहे. चुल्लवग्गात त्यासाठी एक स्वतंत्र खंधक आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधविले आणि भगवंतांच्या सांगण्यावरून ते चारही दिशांच्या, आलेल्या व पुढे येणाऱ्या संघाला अर्पण केले, ही कथा तेथेच आहे. 'पुढे येणाऱ्या' या शब्दांत अनोळखी परदेशी विद्यार्थीही येतो.

त्याहून महत्त्वाची कथा दब्ब मल्लपुत्ताची आहे. संघाने त्यांच्याकडे सेनासन नेमून देण्याचे काम सोपविले होते. सुत्ते पाठ करणाऱ्यांना ते एकत्र जागा देत, कारण ते परस्परांत सुत्तांचे पठण करतील. विनयधरांना एकत्र देत, कारण ते विनयाचा निर्णय करतील. धम्मकथिकांना आणि ध्यान करणाऱ्यांना त्याच न्यायाने निरनिराळ्या जागी ठेवीत. रात्री उशिरा येणाऱ्यांना ते आपल्या बोटाच्या तेजाने वाट दाखवीत, असेही ग्रंथ सांगतो. तो चमत्कार बाजूला ठेवला तरी मुख्य गोष्ट उरतेच. खोली देणाऱ्याने आधी विद्यार्थी काय शिकतो हे पाहिले. सातव्या शतकातील चिनी यात्री इत्सिंग लिहितो, की नालंदेत दरवर्षी वर्षावासापूर्वी खोल्यांची नव्याने वाटणी होई आणि त्यामुळे 'ही खोली माझी' हा भाव राहत नसे. स्वतः इत्सिंग शब्दविद्येसाठी वाटेत श्रीविजय येथे सहा महिने राहिला होता. भाषा शिकावयाची तर ती ज्या ठिकाणी बोलली वा शिकविली जाते तेथे मुक्काम करावा लागतो, हे त्या काळीही स्पष्ट होते.

याउलट घडल्याचे उदाहरणही लंकेच्याच संबंधात सापडते. चौथ्या शतकात लंकेहून बोधगयेस आलेल्या भिक्खूंना राहण्यास योग्य जागा मिळाली नाही. त्यांनी परत जाऊन ही तक्रार राजा मेघवर्ण याच्या कानावर घातली. मेघवर्णाने समुद्रगुप्ताची परवानगी घेऊन बोधिवृक्षाजवळ एक संघाराम बांधविला, असे चिनी वृत्तांतांवरून समजते. ह्युएन त्संगाने तो पाहिला तेव्हा तेथे सुमारे एक हजार भिक्खू राहत होते.

आता प्रवासाची दिशा उलटी झाली आहे. पालि शिकण्यासाठी आपले विद्यार्थी लंकेत जातात. १९०२ साली गोव्याचे धर्मानंद कोसंबी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांकडे शिकण्यास गेले. पुढे नागपूरकरांच्या परिचयाचे भदंत आनंद कौसल्यायन केलनियाजवळच्या विद्यालंकार परिवेणात शिकले. दोघांनी चीवर धारण केले होते. त्यामुळे अध्ययन आणि निवास ही दोन्ही एकाच ठिकाणी झाली. १९५९ साली ही दोन्ही परिवेणे विद्यापीठे झाली. विद्यालंकारचे आज केलनिया विद्यापीठ आहे. गृहस्थ विद्यार्थी तेथे प्रवेश घेऊ शकतो, परदेशीयांसाठी इंग्रजीतून शिकण्याची सोयही आहे. परंतु प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे नाही. वसतिगृहातील जागा मोजक्या असतात. प्रवेशाच्या पत्रव्यवहारातच वसतिगृहाविषयी विचारून लेखी उत्तर घ्यावे.

वसतिगृह न मिळाल्यास दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे 'बोर्डिंग', लंकेतील बोलीत 'बोडिम'. म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरातील भाड्याची खोली. घरमालक काही महिन्यांचे भाडे आगाऊ मागतात. ही रक्कम परत मिळणार की भाड्यात वळती होणार, वीज व पाणी निराळे मोजावयाचे काय, हे प्रारंभीच कागदावर लिहून घ्यावे. जेवण घरचे असेल तर शाकाहारी विद्यार्थ्याने स्पष्ट विचारावे, कारण तेथे भाजीत व खोबऱ्याच्या सांबोलात 'उंबलकड' या सुक्या मासळीचा चुरा सर्रास पडतो, आणि घरच्यांच्या दृष्टीने ती भाजीच असते.

दुसरा मार्ग 'पन्सल'. सिंहली लोक विहाराला याच नावाने संबोधतात आणि हा शब्द पालि 'पण्णसाला' याचेच रूप आहे. प्रमुख भिक्खूंची अनुमती असल्यास काही पन्सलांत गृहस्थ पुरुष विद्यार्थ्याला खोली मिळते. बहुधा भाडे नसते, पण झाडलोट, दानाच्या वेळी मदत अशी सेवा अपेक्षित असते. ही खोली भिक्खूंच्या आवासाहून वेगळ्या छपराखाली असावी लागते. त्याचे कारण राहुलाच्या कथेत आलेच आहे. भिक्खूंचे मुख्य भोजन दुपारपूर्वी आटोपते. संध्याकाळी फक्त 'गिलन्पस', म्हणजे पेय, असते (हाही 'गिलानपच्चय' याचाच अपभ्रंश). रात्री भूक लागणाऱ्याने आपली सोय आधी पाहावी, हे मी थट्टेने लिहीत नाही.

या दोन जागांत शिकावयास मिळणारी भाषा मात्र एक नाही, आणि माझ्या मते निवड करताना हाच मुद्दा सर्वांत वर असावा. पालि घरात कोणी बोलत नाही. ऐकू येते ती सिंहली. मराठी माणसाला ती फार परकी वाटत नाही: भात 'बत्', पोथी 'पोत', हात 'अत', गाव 'गम'. बोर्डिंगमध्ये विद्यार्थी बाजारात चालणारी सिंहली शिकेल. पन्सलीत भिक्खूंविषयी बोलताना क्रियापदेच बदलतात. भिक्खू जेवतात म्हणावयाचे तर 'वळंदनवा', येतात-जातात यासाठी 'वडिनवा'. त्यांना 'हामुदुरुवने' असे संबोधतात. ही आदरभाषा पालि शब्दांनी भरलेली आहे आणि पहाटे-संध्याकाळच्या परित्तपाठात उच्चार कानावर पडतात ते निराळेच. ज्याला त्रिपिटक वाचावयाचे आहे त्याने निदान पहिले सहा महिने पन्सलीत काढावेत. ज्याला संशोधनासाठी गावोगाव फिरावयाचे आहे त्याला बोर्डिंग बरे. दब्ब मल्लपुत्तांनी याहून वेगळी वाटणी केली असती असे वाटत नाही.

विद्यार्थिनींना भिक्खूंच्या विहारात निवास मिळणार नाही. त्यांच्यासाठी वसतिगृह किंवा कुटुंबातील खोली हाच मार्ग आहे. १९९६ साली सारनाथ येथे व १९९८ साली बोधगयेस सिंहली स्त्रियांची उपसंपदा झाल्यानंतर लंकेत भिक्खुनींचे आराम वाढले. तेथेही विचारणा करून पाहावी.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांपासून लपविणे योग्य होणार नाही. १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायाच्या मल्वत्त व अस्गिरिय या कँडीच्या मुख्य शाखांत उपसंपदा गोविगम जातीपुरती ठेवण्याची प्रथा पडली आणि ती आजही टिकून आहे. भगवंतांच्या विनयात तिला कोणताही आधार नाही. तिच्याविरुद्ध ज्यांनी ब्रह्मदेशातील अमरपुरास जाऊन उपसंपदा आणली, त्यांच्यापासून १८०३ साली अमरपुर निकाय सुरू झाला. केवळ राहून शिकणाऱ्या गृहस्थास यामुळे अडचण येऊ नये; परंतु पुढे पब्बज्जा घेण्याचा विचार असणाऱ्याने पन्सल कोणत्या निकायाची आहे हे खोली घेण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात संकोच बाळगू नये.

विचारावयाच्या बाकीच्या गोष्टींची यादी चुल्लवग्गातील आगंतुकवत्तात तयारच आहे. नव्या आलेल्या भिक्खूने वहाणा काढाव्यात, छत्री मिटावी, वडील भिक्खूंना अभिवादन करावे, आणि मग विचारावे: आपल्या वाट्याचे सेनासन कोणते, त्यात कोणी राहते की ते रिकामे आहे, भिक्षेस कोठे जावे व कोठे जाऊ नये, पिण्याचे पाणी कोठे आहे, शौचाची जागा कोणती. यादीच्या अखेरीस संघाने ठरविलेली आत येण्याची व बाहेर पडण्याची वेळ विचारावयाची असते. पन्सलीचे आणि बोर्डिंगचे फाटक रात्री किती वाजता बंद होते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.