शेवटचं बिल अँटिफ्रीझचं

१६ नोव्हेंबर १९५७, शनिवार. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला होता. प्लेनफिल्ड हे तिथलं शेतकऱ्यांचं छोटं गाव. गावातले बहुतेक पुरुष पहाटेच बंदुका घेऊन रानात गेलेले. बर्नीस वर्डेन मात्र नेहमीसारखी आपल्या हार्डवेअरच्या दुकानात होती. तिचा मुलगा फ्रँक गावचा डेप्युटी शेरिफ. तोही शिकारीला गेला होता. संध्याकाळी तो परतला तेव्हा आई दुकानात नव्हती आणि फरशीवर रक्ताचे डाग होते. त्याने बिलं पाहिली. आईने लिहिलेलं शेवटचं बिल अँटिफ्रीझचं होतं. थंडीत गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात घालतात, ते. आदल्या संध्याकाळी दुकानात येऊन उद्या अँटिफ्रीझ न्यायला येतो असं कोण म्हणालं होतं, ते फ्रँकला आठवलं: एड गीन.

माझं लहानपण मिरजेत वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलं. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी बिल फाडल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. कार्बन घातलेलं बिलबुक, गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल, हे सगळं मला अजून दिसतं. त्यामुळे असेल, या प्रकरणातले भयानक तपशील मागे पडतात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकालाही बिल लिहून देणारी ती बाई मला पुढे दिसते. त्या एका कागदाने पोलिसांना त्याच रात्री गीनच्या शेतावर नेलं. तिचा मृतदेह तिथल्या शेडमध्ये मिळाला.

घरात जे सापडलं त्याने जगभरच्या वर्तमानपत्रांचे रकाने भरले. १९५४ साली बेपत्ता झालेली, गुत्ता चालवणारी मेरी होगन हिचे अवशेष तिथे होते. शिवाय गीन कबरी उकरून प्रेतं आणत असे. त्यांच्या कातड्याचे मुखवटे आणि घरातल्या वस्तू त्याने बनवल्या होत्या. आई ऑगस्टा १९४५च्या डिसेंबरात गेली, त्यानंतर तो त्या शेतावर एकटाच राहत होता. जगातली प्रत्येक बाई पापी, हे आईने त्याच्या मनावर बिंबवलेलं. घरभर केरकचरा, पण आईची खोली त्याने बंद करून जशीच्या तशी ठेवली होती. गावाला तो माहीत होता तो पडेल ते काम करणारा, थोडा विचित्र पण निरुपद्रवी माणूस म्हणून.

प्लेनफिल्डपासून ५०-५५ किलोमीटरवरच्या वेयावेगा गावात तेव्हा रॉबर्ट ब्लॉक हा लेखक राहत होता. गीनबद्दल त्याला फारसं ठाऊक नव्हतं. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाची खबर असते तिथे शेजारचा माणूस असं करतो आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही, एवढ्यानेच त्याला झपाटलं. मोटेल चालवणारा नॉर्मन बेट्स आणि त्याची आई त्याने कल्पनेतून उभी केली. ‘सायको’ कादंबरी १९५९ची. पुढे गीनची खरी हकिगत कळल्यावर आपली कल्पना तिच्या इतकी जवळ गेली, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

या कादंबरीवर आल्फ्रेड हिचकॉकने आपल्या दूरदर्शन मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊन कमी पैशांत, कृष्णधवल सिनेमा केला. न्हाणीघरातल्या खुनाचं चित्रीकरण सात दिवस चाललं, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. बर्नार्ड हर्मनने संगीतात फक्त तंतुवाद्यं घेतली. त्या व्हायोलिन्सची किंकाळी ऐकली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. नायिका वाटणारी बाई अर्ध्या सिनेमाआधीच मरते, हा धक्का १९६०च्या प्रेक्षकाला नवा होता.

१९७४ साली टोबी हूपरचा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’ आला, तो थेट सत्यघटनेचा दावा करत. मला हा सिनेमा मोठा वाटतो. त्यात रक्त लोक सांगतात त्यापेक्षा कितीतरी कमी दिसतं. टेक्ससच्या उन्हाळ्यातला घाम, हाडांनी सजवलेलं घर आणि करवतीचा आवाज यांनीच जीव घाबरा होतो. पण घटना टेक्ससची नव्हती, गीनकडे यांत्रिक करवत नव्हती, खुनी कुटुंबही नव्हतं. सिनेमातल्या लेदरफेस या खुन्याचा कातड्याचा मुखवटा आणि ते घर, एवढंच गीनचं. सरकार लोकांशी खोटं बोलत होतं तो व्हिएतनाम-वॉटरगेटचा काळ. त्यातूनच तो दावा सुचला, असं हूपर सांगत असे.

मग या सिनेमांचा वंश वाढतच गेला. १९७८च्या ‘हॅलोवीन’मधली नायिका जेमी ली कर्टिस ही ‘सायको’मध्ये न्हाणीघरात मरणाऱ्या जॅनेट लीची मुलगी. ‘द सायलेन्स ऑफ द लँब्स’मधल्या बफेलो बिल या खुन्यामध्येही गीनचा अंश आहे.

पुण्यात १९७६-७७ साली झालेल्या हत्याकांडाला आपण आजही जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणतो. मारले गेलेल्यांपैकी काहींची आडनावं निदान त्या नावात तरी टिकली. विस्कॉन्सिनमध्ये सगळं नाव गीनचं झालं. मार्च १९५८मध्ये लिलावाच्या तोंडावर त्याचं घर जळून खाक झालं. आग कुणी लावली ते कधीच सिद्ध झालं नाही. त्याची फोर्ड गाडी मात्र ७६० डॉलरला विकली गेली आणि जत्रेत २५ सेंट घेऊन लोकांना दाखवली गेली. त्याच्या थडग्याच्या दगडाचे तुकडे आठवण म्हणून लोक फोडून नेत. २०००मध्ये अख्खा दगडच चोरीला गेला.

गीनवर खटला उभा राहिला तो १९६८मध्ये. त्याआधीची वर्षं तो मनोरुग्णालयात होता आणि खटल्यानंतरही, वेडाच्या भरात गुन्हा केला असं ठरून, तो तिथेच परत गेला. १९८४मध्ये दुसऱ्या एका मनोरुग्णालयात मेला. खटला चालला तो फक्त बर्नीस वर्डेनच्या खुनाचा. मेरी होगनलाही आपणच मारलं हे त्याने कबूल केलं होतं, पण दुसरा खटला चालवण्याचा खर्च झेपणारा नाही म्हणून तिची बाजू कोर्टापुढे कधी आलीच नाही.